उत्तरदाता क्रमांक ४७

१९९४ च्या उन्हाळ्यात भोसरीतल्या आमच्या चाळीत दोन मुली आणि एक मुलगा आले होते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहोत, लघुप्रबंधासाठी माहिती हवी आहे, असे त्यांनी सांगितले. प्रत्येकाच्या हातात चौदा पानांची प्रश्नावली होती. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करीत होतो आणि त्या दिवशी दुसरी पाळी असल्यामुळे घरीच होतो. आईने त्यांना चहा केला आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. कुटुंबात माणसे किती, मिळवते किती, शिक्षण किती, घर पक्के की कच्चे. ‘पिण्याच्या पाण्याचा स्रोत’ या प्रश्नापुढे नळ, विहीर, हातपंप आणि इतर असे चार चौकोन होते. आई म्हणाली, ‘नळ.’ मुलीने नळावर खूण केली.

आमच्याकडे नळ होता हे खरेच. त्याला पाणी रात्री दोनच्या सुमारास यायचे आणि पाऊण तासात जायचे. चाळीतल्या बायका आळीपाळीने जागत. आईच्या आयुष्यातली कितीतरी झोप त्या नळाने खाल्ली. पण पाणी किती वाजता येते, हा प्रश्न चौदा पानांत कुठेच नव्हता. मुले नम्र होती, चहाचे कप विसळून ठेवून गेली. महिनाभराने आईने विचारले, ‘त्या पोरी पुन्हा आल्या नाहीत का रे?’

वर्कशॉप बंद पडल्यावर मला वाचनाचा आणि पुढे कागदपत्रे जमवण्याचा नाद लागला. या पट्ट्यातल्या कामगार वस्त्यांविषयी जे लिहिले गेले आहे ते गोळा करताना तो लघुप्रबंधही शोधला. मी कुठल्याच संस्थेचा विद्यार्थी नसल्यामुळे ग्रंथालयात प्रवेश मिळेना. शेवटी तिथल्या एका कर्मचाऱ्याने मनाचा मोठेपणा दाखवून मला एक दुपार बसू दिले. परिशिष्टात नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. वय, माणसे आणि नवऱ्याचा व्यवसाय यांवरून मी आई ओळखली. ती ‘उत्तरदाता क्रमांक ४७’ होती. निष्कर्षांत लिहिले होते की वस्तीतील बहुतेक कुटुंबांना नळाचे पाणी उपलब्ध आहे. शेवटी शिफारशी होत्या. त्या कोणाला केल्या होत्या, ते लिहिलेले नव्हते.

त्या निष्कर्षात खोटे काही नव्हते आणि तरीही तो आम्हाला कामाचा नव्हता. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस वस्तीत येतो तेव्हा बदल घडायला नेमके काय लागते, या प्रश्नाच्या मागे मी त्या दुपारपासून आहे. माझ्याकडे स्वतःची पदवी नाही. त्यामुळे मी आकसाने लिहितो आहे असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण गेली वीस वर्षे जे पाहिले आणि वाचले, त्यावरून माझे मत उलटच झाले आहे. पदवी लागते, आणि फार लागते. फक्त ती कोणाच्या प्रश्नाला जुंपली जाते, त्यावर पुढचे सगळे ठरते.

पदवीधरांची शाळा

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला, आणि १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या दोन घटनांत आठच वर्षांचे अंतर आहे. पण बाबासाहेबांचे उदाहरण सर्वसाधारण विद्यार्थ्यापुढे ठेवताना एक अडचण येते. ते ज्या समाजाविषयी लिहीत होते त्यातूनच आले होते. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. बाहेरून वस्तीत जाणाऱ्या पदवीधराने काय करावे, याचे उत्तर तिथे थेट मिळत नाही.

तसे जाणारे पदवीधर घडवण्याची व्यवस्था मुंबईत १९३६ मध्ये उभी राहिली. नागपाड्याच्या कामगार वस्तीत सेवाकेंद्र चालवणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून आपण जिला ओळखतो, तिचे मूळ नाव ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ असे होते. समाजकार्य हा पदवीनंतर शिकण्याचा विषय आहे, हे त्या नावातच सांगितले होते. पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. या अभ्यासक्रमांचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात किंवा कारखान्यात जातो, दैनंदिन अहवाल लिहितो, मार्गदर्शकाला दाखवतो आणि शेवटी लघुप्रबंध सादर करतो. आमच्या चाळीत आलेली तिघे याच साखळीतून आली होती.

या साखळीत एक गोष्ट अंगभूत आहे. विषय आधी मंजूर होतो आणि वस्तीत नंतर जायचे असते. लघुप्रबंधाला काही महिने मिळतात, तोंडी परीक्षेची तारीख ठरलेली असते. वस्तीचा प्रश्न मात्र तारखेप्रमाणे चालत नाही. हा दोष एखाद्या मुलीचा किंवा मार्गदर्शकाचा नाही, तो वेळापत्रकाचा आहे. हे वेळापत्रक मोडले गेले तिथे काय झाले, ते पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

कचऱ्याच्या पेटीपाशी

आमच्या चाळीत प्रश्नावली आली त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९९३ मध्ये, पुण्यात आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद भरली होती आणि तिच्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना जन्माला आली. आज तिचे सभासद पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन्ही शहरांत आहेत. यात बहुसंख्य बाया आहेत, बहुतेक दलित समाजातल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींची घरे १९७२ च्या दुष्काळाने गावातून उठवलेली.

या संघटनेचा उगम एका विद्यापीठात आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर व प्रौढ शिक्षण आणि विस्तार विभागात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी काम करीत होत्या. विद्यापीठाचे काम केवळ शिकवणे आणि संशोधन एवढेच नसून विस्तार हे त्याचे तिसरे अंग आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ च्या धोरणात मान्य केले होते. त्यामुळे वस्तीत जाणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. १९९० मध्ये त्यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले.

आता इथे एक वळण आहे. मुलांना शिकवायचे तर ती सापडायला हवीत, म्हणून या दोघी मुले आणि त्यांच्या आया यांच्याबरोबर फेरीला जाऊ लागल्या. कचऱ्याच्या पेट्यांपाशी उभे राहिल्यावर दिसले ते वेगळेच होते. कागद, काच आणि पत्रा ओल्या घाणीत मिसळून येतो, त्यामुळे तासन्‌तास उकरावे लागते, हात कापतात, आणि भिजलेल्या कागदाला भंगारवाला कमी भाव देतो. हाच माल घरातून वेगळा आणि कोरडा मिळाला तर कमी वेळात जास्त पैसे मिळतील आणि मुलांना बरोबर आणावे लागणार नाही. म्हणजे साक्षरतेचा प्रश्न घेऊन गेलेल्या माणसांना कळले की बायांचा प्रश्न सुक्या कचऱ्याचा आहे. त्यांनी आपला प्रश्न बाजूला ठेवून तो उचलला. माझ्या मते या सगळ्या हकिगतीतला निर्णायक क्षण तोच.

मग विद्यापीठाने एक साधी गोष्ट केली. सुमारे तीस बायांना स्वतःच्या नावाची ओळखपत्रे दिली. कोथरूड भागात त्या ओळखपत्रावर बायांना सोसायटीच्या फाटकातून आत जाता आले आणि वेगळा केलेला माल मिळू लागला. काही दिवसांतच एका व्यावसायिकाने त्याच भागात गाडी लावून कचरा नेण्याची तयारी दाखवली. बायांच्या पोटावर पाय येणार होता. त्यांनी विरोध केला आणि तो टिकलाही, पण तीस बाया एकट्या पडल्या तर पुढच्या वेळी टिकणार नाहीत हेही सगळ्यांच्या लक्षात आले. हमाल पंचायतीचा अनुभव गाठीशी असलेले डॉ. बाबा आढाव मदतीला आले आणि परिषद भरली. पुढे १९९५-९६ च्या सुमारास संघटनेच्या ओळखपत्रांवर पुणे महापालिकेनेही आपली मोहोर उमटवली. ज्या बाईला पोलीस चोर म्हणून हटकत, तिच्या खिशात आता उत्तर होते.

उसने दिलेल्या तीन गोष्टी

मी या प्रकरणाची मांडणी स्वतःपुरती अशी करतो. विद्यापीठाने आणि पदवीने वस्तीला तीन गोष्टी उसन्या दिल्या.

पहिली गोष्ट नाव. शिक्का असलेल्या कागदाची आपल्या समाजात केवढी पत आहे, हे ज्याच्याकडे तो नसतो त्याला बरोबर ठाऊक असते. मला ग्रंथालयाच्या दारात जे अडवले गेले तेही त्याच कागदासाठी.

दुसरी गोष्ट वेळ. महिन्याचा पगार सुरू असताना पेटीपाशी उभे राहता येणे, आणि सहा महिन्यांत निष्कर्ष द्यायचे बंधन नसणे, यामुळे प्रश्न बदलण्याची मुभा मिळाली. लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही मुभा सहसा नसते.

तिसरी गोष्ट मोजमाप. कचरावेचकांमुळे किती माल वेगळा होतो, तो उचलून डेपोपर्यंत नेण्याचा महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब संघटनेने अभ्यास करून मांडला. यातला एक विस्तृत अहवाल २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी तयार झाला. त्याचा परिणाम असा झाला की मागणीची भाषाच बदलली. ‘आम्ही गरीब आहोत, काहीतरी द्या’ या जागी ‘आम्ही शहराचे काम फुकट करतो आहोत, त्याची किंमत इतकी’ हे वाक्य आले. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी वैद्यकीय विमा योजना सुरू केली, ती याच हिशेबाच्या बळावर.

२००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणे शहरांवर बंधनकारक केले. त्यातून कंत्राटदारांचा रस्ता मोकळा झाला असता आणि वेचणाऱ्या बाया बाहेर फेकल्या गेल्या असत्या. तो नियम बारकाईने वाचणारे, निविदेची भाषा समजणारे आणि पर्यायी प्रस्ताव लिहिणारे कोणीतरी संघटनेत होते, म्हणून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहू शकली. २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. पुढे २०१६ च्या केंद्रीय नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. शिक्षणाने माणसे लोकांपासून तुटतात, म्हणून ते नकोच, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. नियम वाचता आला नसता तर परिषदेतल्या घोषणा हवेत विरल्या असत्या.

मण्यांचा हिशेब

उसने दिलेले परत मागायचे नसते, पण लोकांच्या हाती ते पूर्ण पोचले की नाही ते पाहावे लागते. याचे मला सर्वांत स्पष्ट वाटणारे उदाहरण या पट्ट्यातले नाही, गडचिरोलीचे आहे. तरी ते इथे घेतो, कारण तिथे हा हस्तांतराचा भाग डोळ्यांनी दिसतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९८४ मध्ये परतले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू झाले. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. आजार जिल्ह्यात आहे हे सिद्ध झाले, पण लोकांनी त्यात फारसा रस घेतला नाही. तो संशोधकांचा प्रश्न होता, लोकांचा नव्हता, असे डॉ. बंग यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. लोकांची मुले मरत होती, हा लोकांचा प्रश्न होता.

लहान मुले न्यूमोनियाने दगावत. न्यूमोनिया ओळखण्याची एक खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती, हे मोजणे. गावातल्या सुइणींना बारापर्यंतच मोजता येई. तेव्हा त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे यंत्र तयार केले गेले. मिनिटभराची वाळूची घडी उलटी करायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. विद्यापीठातले ज्ञान निरक्षर बाईच्या बोटांत गेले ते असे. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलेले होते. आकडेवारीची शिस्त शिकलेली माणसे नसती तर हे कोणी सिद्ध करू शकले नसते. आणि आरोग्यदूत बाया नसत्या तर सिद्ध करण्यासारखे काही घडलेच नसते.

अर्थात हस्तांतर कुठेच शंभर टक्के होत नाही. बायांची मालकी असलेल्या संस्थेतही महापालिकेशी पत्रव्यवहार करायला, करार तपासायला शिकलेले माणूस लागते, आणि ज्याच्या हाती पत्र असते त्याचा शब्द थोडा वजनदार होतोच. वेचणाऱ्या घरांतली मुले शिकून त्या टेबलापाशी बसतील तेव्हा हे अंतर मिटेल. तोवर ते अंतर आहे हे मान्य करणे, एवढा प्रामाणिकपणा पाळता येतो.

महाळुंग्यातली वही

हे सगळे मला आत्ताच मांडावेसे वाटले, कारण प्रश्न माझ्या घरात येऊन बसला. माझी पुतणी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचे क्षेत्रकार्य चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात होते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांत शेताच्या जागी खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांत मराठवाड्या-विदर्भातली, उत्तरेतली कंत्राटी कामगार माणसे राहतात. तिने प्रश्नावली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘काका, बघा ना, काही राहिलंय का?’ कंत्राटी महिला कामगारांची सामाजिक-आर्थिक स्थिती असा विषय होता. पाने सोळा होती. मी तिला आजीच्या नळाची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, ‘मी कोण सांगणार? आधी त्या बायकांना विचार, तुमच्याबद्दल काय लिहून ठेवायला हवंय.’

ती महाळुंग्यातल्या एका खोलीत तीन रविवार नुसती जाऊन बसली. पगाराचे सगळे बोलत होत्या, पण चिडून बोलत होत्या ते गाडीविषयी. दुसरी पाळी सुटली की कंत्राटदाराची गाडी त्यांना मुख्य रस्त्यावर सोडून जाई. तिथून आत खोल्यांपर्यंत अंधारात चालत यावे लागे. तक्रार केली की सुपरवायझर म्हणे, एखाद्या दिवशी झालं असेल. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते, कारण किती दिवस झाले ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

पुतणीने दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखून दिले. तारीख, गाडी फाटकातून निघाल्याची वेळ, सोडल्याची वेळ आणि जागा, गाडीतल्या बायकांची संख्या, सही. दहावी झालेल्या एकीचे अक्षर चांगले म्हणून वही तिच्या खोलीत खिळ्याला टांगली. तीन महिने रोज नोंद झाली. ती पाने घेऊन सहा जणी बोलायला गेल्या. पुतणी बरोबर गेली होती, पण आत गेली नाही.

ही यशोगाथा नाही. गाडी आता गावातल्या कोपऱ्यापर्यंत येते. दिवा अजून लागलेला नाही. बोलायला गेलेल्या सहांपैकी दोघींची पाळी बदलली गेली आणि त्यांचा ओव्हरटाइम बुडाला. त्या रात्री पुतणी माझ्याकडे येऊन रडली. ‘मी त्यांना पुढे केलं आणि मला काहीच झालं नाही,’ असे म्हणत होती. मी तिची समजूत घातली नाही. पदवी घेऊन वस्तीत जाणाऱ्याचा आणि वस्तीत राहणाऱ्याचा धोका सारखा नसतो, हे तिला कोणत्याही पुस्तकातून कळले नसते. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. त्या दोघींनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, ‘वही बंद करू नका म्हणजे झालं.’

लघुप्रबंधाचा मराठी सारांश तिने त्याच खोलीत मोठ्याने वाचून दाखवला. बायकांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या तिने केल्या. तोंडी परीक्षेत नमुना लहान असल्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा तिने वहीच टेबलावर ठेवली.

परवा मी ही हकिगत आईला सांगितली. तिचे आता वय झाले आहे, ऐकू कमी येते. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ‘आमच्या वेळी वही असती, तर पाण्याची वेळ मी लिहिली असती.’ महाळुंग्यात आता दुसरी वही सुरू झाली आहे. रकाने बायकांनीच आखले आहेत, आणि पुतणीच्या वेळी नव्हता असा एक नवा रकाना त्यांनी त्यात घातला आहे : रस्त्यावरचा दिवा, लागला की नाही.